एस्केप दाबून देवी जात नाही

गोंधळ्याच्या घरात जन्मून ज्ञानेशने संबळ सोडला आणि कीबोर्ड धरला, याचं त्याच्या वडिलांना, मोतीरामआप्पांना, फारसं वाईट वाटलं नव्हतं. दोन्ही बडवायचीच वाद्यं, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. दोन हजार चार साली ज्ञानेशने कॉम्प्युटरवरचा एक खेळ तयार केला. राक्षसांना चुकवत गड चढायचा आणि वर देवीचं दर्शन घ्यायचं. सुरुवातीला देवीला बोलावणं हवं, म्हणून त्याने आप्पांच्याच आवाजात आवाहन भरलं. पुण्याच्या एका कंपनीने खेळ बघायला मागवला. तो विकला गेला तर क्लासमध्ये टायपिंग शिकवण्यातून ज्ञानेशची सुटका होणार होती.

आप्पा आपला आवाज ऐकायला किशोरच्या सायबर कॅफेत आले ते धुवट फेटा बांधून. समोर एक पोरगा खेळत होता. आवाहन झालं, पोरगा दोन पायऱ्या चढला आणि मेला. पुन्हा आवाहन, पुन्हा मेला. मग त्याने एस्केप दाबून आवाहन मध्येच तोडलं आणि समोसा खायला निघून गेला.

“ज्ञान्या, तिला पार वणीहून बोलावली, आणि हा गेला समोसा खायला?”

“आप्पा, नुसता आवाज आहे तो.”

“मग माझाच कशाला घेतला? या किशोरचा घ्यायचा.”

“माझा नको,” किशोर गल्ल्यावरून म्हणाला. “माझ्या हाकेला आमची कुत्रीसुद्धा येत नाही.”

“बोलावली तर आरती करून पाठवायची,” आप्पा म्हणाले. “आरती घाल, नाय तर माझा आवाज काढ.”

ज्ञानेशने आवाज काढून सिंथेसायझर घालून पाहिला. देवीऐवजी कुल्फीवाला येतोय असं वाटायला लागलं. शेवटी वैतागून त्याने आरती भरायला घेतली. थोडक्यात म्हणा, असं विनवलं, तर आप्पांनी सगळी कडवी म्हटली आणि वर एक स्वतः रचून जोडलं. आता एस्केप दाबलं तरी आरती संपेपर्यंत खेळ बंदच होईना. पोरांनी लगेच उपाय शोधला. सरळ प्लग उपटायचा.

“देवी तुमची, वायरिंग माझं!” किशोर ओरडला.

तेवढ्यात कंपनीच्या संध्यामॅडमचा फोन आला. खेळ आवडला होता, आवाहन तर फारच. फक्त ती शेवटची आरती काढायची, की करार पक्का.

“काढतो मॅडम, त्यात काय.”

कापायची जागा सापडावी म्हणून ज्ञानेशने कॅफेतच आरती लावली. दुसऱ्या कडव्यापाशी माऊस धरला. कडव्याच्या मध्येच कशी तोडायची, म्हणून ते संपू दिलं. तोवर पुढचं सुरू झालं. आप्पांनी जोडलेलं कडवं आलं, तेव्हा आपण चपला काढून उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं. स्वतःचाच संताप येऊन त्याने पुन्हा पहिल्यापासून लावली. पुन्हा उभा.

त्याने फोन लावला. “मॅडम, आरती निघत नाहीये.”

“टेक्निकल प्रॉब्लेम आहे का?”

“हो. वडिलोपार्जित.”

“मग राहू द्या,” मॅडम म्हणाल्या, आणि खेळ विकायचा राहिला.

“आप्पांना सांगू नकोस,” ज्ञानेशने किशोरला बजावलं, आणि चपला पायात सरकवून तो टायपिंगच्या बॅचला गेला.