यमाजीबाबांचा वाया गेलेला महिना

मित्रांनो, मी वाचनालयातला संगणक आहे. जुना आहे, आणि सध्या फार चिडलेला आहे. जुन्या वस्तूंनी मऊ आवाजात आठवणी सांगाव्यात, असं तुम्हाला वाटत असेल. आठवणी मी सांगेन. मऊ आवाज मात्र आज लागायचा नाही.

माझे सुटे भाग कुठकुठल्या देशांतून आले, पण मला जोडलं ते चाकणच्या एका कारखान्याच्या कचेरीसाठी. तिथं काही वर्षं मी कामगारांची हजेरी सांभाळली. मग कारखान्यानं नवे संगणक घेतले आणि आम्हा जुन्यांना गावोगाव वाटून टाकलं. मी जुन्नर तालुक्यात, मढकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान गावात आलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण माझा राग साऱ्या गावावर नाही.

पहिल्या दिवशी मला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला. ग्रामपंचायतीच्या इमारतीतच वाचनालयाची खोली आहे. तिथं खिडकीजवळ मला टेबल मिळालं, दोन बाजूंना दोन स्पीकर मिळाले. मुलं ब्राउझर उघडून कवितांचे व्हिडिओ लावायची आणि बाकांवर उभी राहून गायची. दहावीचा निकाल लागला की माझ्याभोवती उभं राहायला जागा नसायची. "आपला कंप्युटर लई भारी," असं लोक म्हणायचे, तेव्हा मीही फुगायचो. पुढं घराघरांत मोबाइल आले आणि माझ्यावर धूळ बसू लागली. कुणी कीबोर्डवर चहा सांडला, कुणी चुन्याचं बोट माझ्या कडेला पुसलं. तेव्हा वाईट वाटलं, पण राग आला नाही. राग आला तो यमाजीबाबांचं जे झालं, ते पाहून.

यमाजीबाबा मेंढपाळ. उभा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की माळशेज घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाआधी वर यायचं. गेल्या दिवाळीच्या आधी त्यांना लकवा झाला. पुण्याला नेल्यामुळे जीव वाचला. हातपाय हळूहळू हलू लागले, पण बोलणं गेलं. त्यांना समजत सगळं होतं, शब्द मात्र तोंडापर्यंत येत नव्हता. पाणी हवं असलं तरी तांब्याकडे बोट करायचे, आणि सुनेनं चुकून भलतंच काही आणलं की कपाळावर हात मारून घ्यायचे.

पुण्याच्या दवाखान्यात बोलणं परत शिकवणाऱ्या इंद्रायणी मॅडम होत्या. रोज तिकडं जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी सरावाचे व्हिडिओ एका संकेतस्थळावर ठेवून दिले. पडद्यावर एक चित्र यायचं, मॅडम त्याचं नाव सावकाश म्हणायच्या आणि थांबायच्या. त्या थांबण्यात बाबांनी तो शब्द म्हणायचा. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, खंड पडू देऊ नका, असं त्यांनी घरच्यांना बजावून सांगितलं होतं.

बाबांचा मुलगा भैरवनाथ मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला. घरातला एकमेव मोठा मोबाइल त्याच्याजवळ. वस्तीवर रेंज नाही, बाबांची नजरही अधू. म्हणून त्यांची सून सरुबाई रोज दुपारी त्यांना हाताला धरून माझ्याकडे आणायची. माझा पडदा मोठा होता, आवाज खणखणीत होता.

आधी नुसते ओठ हलले. मग 'पा' निघाला, 'भा' निघाला. एके दुपारी पडद्यावर भाकरीचं चित्र आलं, मॅडम थांबल्या, आणि बाबा म्हणाले, "भाकर." सरुबाई उठून खिडकीकडे गेली आणि पदरानं डोळे पुसत उभी राहिली. कारखान्याची हजेरी, दहावीचे निकाल, सगळं मी केलं होतं. पण आपण कुणाच्या एवढ्या उपयोगी पडलो, असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पंचायतीचा काहीतरी कार्यक्रम झाला. शेजारच्या सभेच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि भिंतीतून वायर ओढून तो मला जोडला. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी टीव्हीचा आवाज शून्यावर नेला आणि सगळी मंडळी जेवायला निघून गेली. वायर तशीच राहिली. माझा आवाज त्या वायरीतून टीव्हीकडेच जात राहिला. एवढंच झालं होतं, मित्रांनो. यापेक्षा जास्त काही बिघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचे ओठ हलताना दिसले, पण आवाज आला नाही. सरुबाईनं भगवंतला बोलावलं. हा पंचायतीचा ऑपरेटर, मला सांभाळणं त्याचं काम. तो फोनवर बोलतबोलतच आला. माझ्या डोक्यावर दोन थापा मारल्या, स्पीकरची वायर उपटली आणि तशीच लोंबत सोडली.

"वहिनी, मशीन मेलंय," तो म्हणाला. "नवीन मागवलंय. आलं की बघू."

"भाऊ, चित्र तर दिसतंय की. मग मेलं कसं?"

"ते तुमाला नाय कळायचं."

तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. मी मेलो नव्हतो. ब्राउझरमध्ये व्हिडिओच्या नावाशेजारी स्पीकरची बारीक खूण मी दाखवत होतो. आवाज निघतोय, असं त्या खुणेचं सांगणं असतं. ती बघायला मान खाली घालावी लागते, आणि भगवंतची मान फोनकडे वळलेली होती.

सरुबाई पुन्हा आली, पुन्हा आली. तिचा तगादा चुकवायला त्यानं कुठलं तरी आवाज वाढवणारं जोड-साधन, म्हणजे एक्स्टेंशन, इंटरनेटवरून उतरवून माझ्या ब्राउझरमध्ये घातलं. ते इतकं वाईट होतं की त्यानं चित्रही अडवलं. आता काळा पडदा आणि त्यावर फिरणारं गोल चक्र. "बघा, म्हणलं नव्हतं?" असं म्हणून भगवंत मोकळा झाला. स्वतः घातलेल्या गोंधळाची त्यानं माझ्या विरुद्ध साक्ष काढली. मला हात असते तर मी ते टेबलावर आपटले असते.

बाबा काही दिवस येऊन त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले. मग यायचेच बंद झाले. सरुबाईनं हात पुढं केला की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, हे मला मागाहून तिच्या तोंडून कळलं. असा महिना गेला.

मग बाबांची लेक जया आली. तिला शिनोलीला दिलेली आहे. बापाला बघायला म्हणून आली, तर बाप तिच्याकडे बघेना. भाकर पुढं ठेवली तरी शब्द येईना. सरुबाईनं सगळी हकिगत सांगितली, तशी जयानं दोघांना घेऊन थेट वाचनालय गाठलं. मशीन बंद पडलंय, असं भगवंतनं दारातच सांगितलं.

"आमाला बघू तरी द्या," ती म्हणाली आणि आत आली.

ती काही यंत्रांतली जाणकार नव्हती. तिनं आपल्या मोबाइलवर ब्राउझरच्या मदतीचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं, आणि इतक्या दिवसांनी कुणीतरी मला काही विचारत होतं. तिनं दुसऱ्याच संकेतस्थळावरचा व्हिडिओ लावून पाहिला. तोही काळा. म्हणजे मॅडमच्या व्हिडिओत खोट नव्हती. मग तिनं ब्राउझरची खासगी खिडकी उघडली. तिथं वरून घातलेली साधनं चालत नाहीत. तिथं मॅडमचा चेहरा लख्ख दिसला.

"वहिनी, कुणीतरी यात वरून काय तरी घातलंय," जया म्हणाली. तिनं ते साधन शोधून काढून टाकलं आणि ब्राउझर बंद करून परत उघडला. चित्र आलं. आवाज नाही.

सरुबाई पुढं वाकली. "जयाताई, ही खूण बघा. आवाज यायचा तवा बी ही असायची."

जयानं पडद्याच्या कोपऱ्यातल्या आवाजाच्या चिन्हावर दाबलं. तिथं टीव्हीचं नाव लिहिलेलं होतं. ती उठली, सभेच्या खोलीत गेली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. भिंतीपलीकडून, रिकाम्या खुर्च्यांमधून, इंद्रायणी मॅडम म्हणाल्या, "म्हणा बाबा. पाणी."

सरुबाईनं तोंडावर हात ठेवला.

जया परत आली ती भगवंतसमोर उभी राहिली. "महिनाभर माझ्या आबांचा धडा तुमच्या टीव्हीत कोंडला व्हता, भाऊ. तुमी बघितलं का नाय?"

"मला वाटलं, मशीनच..."

"वाटलं," जया म्हणाली. तिनं आवाज टीव्हीवरून काढून स्पीकरवर आणला, लोंबणारी वायर माझ्या मागच्या हिरव्या भोकात बसवली. मॅडमचा आवाज माझ्या तोंडून खोलीत आला. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मॅडमनी पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबल्या. पुन्हा काही नाही.

भगवंत ओशाळला होता, आणि ओशाळलेल्या माणसाला घाई असते. कार्यालय बंद करायची वेळ झाली, हे मशीन तसंही भंगारात जायचंय, बाबांना नव्यावर बसवू, असं पुटपुटत त्यानं माझ्या बटणाकडे हात नेला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"नाय," ते म्हणाले. मग सगळं अंग ताठ करून, कुठून तरी खोलातून ओढून काढल्यासारखं, "ऱ्हाऊ दे."

भगवंतनं हात मागं घेतला आणि किल्ल्या टेबलावर ठेवून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की आता माझा राग गेला असेल. नाही गेला. इंद्रायणी मॅडमनी जयाला फोनवर स्पष्ट सांगितलं, की गेलेला महिना भरून निघेलच असं नाही, पुन्हा मुळापासून धरावं लागेल. बाबा आता रोज येतात. 'पाणी' म्हणतात, 'सरू' म्हणतात. 'भाकर' अजून परत आलेली नाही. नवा संगणक आला आहे, तो आत कचेरीत आहे, आणि मला भंगारात काढायचं नाव कुणी घेत नाही.

म्हणून सांगतो ते ऐका. व्हिडिओचा आवाज गेला तर आधी तो कुठं जातोय ते बघा. चित्र अडलं तर वरून काय घातलंय ते काढून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल. आणि कळत नसेल तर 'मला कळत नाही' असं सरळ म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण न बघता 'मेलं' म्हणून हात झटकू नका. तुम्ही ते म्हणून निघून जाता, आणि तिकडं वस्तीवर एखादा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.