काळी अंडी

"मॅडम, ही पाकिटं तुमचीच ना? फेकू का?"

कृषी कार्यालयाच्या कारकुनाने फ्रीजमध्ये डोकं घातलं होतं. महिन्यातून एकदा त्याच्या अंगात स्वच्छता संचारायची, आणि मग फ्रीजमधल्या कुणाच्या डब्याची धडगत नसायची.

कीड-पाहणीच्या नोंदींतून तिने मान वर केली. त्याच्या हातात चंदेरी पाकिटांची जुडी होती. कामगंध सापळ्यात लावायच्या यंदाच्या नव्या गोळ्या. त्यांना टोमॅटो पोखरणाऱ्या अळीच्या मादी पतंगाचा गंध असतो, त्याच्या मागे नर येतात आणि सापळ्याच्या पिशवीत पडतात. जुडीवरचं रबर जसंच्या तसं होतं. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

"द्या इकडे," ती कशीबशी म्हणाली.

सोळा दिवसांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने तीस सापळ्यांतल्या गोळ्या बदलल्या होत्या. मग त्या कुठल्या? उत्तर तिच्या पाठीमागेच होतं. खिडकीजवळच्या लोखंडी कपाटात मागच्या हंगामाचा खोका होता. अख्खा उन्हाळा त्या कपाटात भाजून निघालेल्या गोळ्या. त्यांत गंध कसला उरणार?

 सोळा दिवस सापळ्यांत एक पतंग, दोन, कधी शून्य. एका सापळ्यात रोज आठाच्या वर पडले तरच फवारायचं, हा तिनेच घालून दिलेला नियम. प्रत्येक फेरीत ती टोमॅटोवाल्यांना सांगत आली होती : औषध मारू नका, अळीची अंडी संपवायला आपण शेतात सोडलेल्या बारीक मित्रमाश्या मरतील. लोकांनी ऐकलं होतं, पण खरं तर तिचं नव्हे, गावात शब्दाला वजन असलेल्या टोमॅटोवाल्या काकूंचं. काकूंनीच घरोघरी जाऊन सांगितलं होतं, "भिंगवाली पोर खोटं बोलत नाही."

"बरं वाटत नाही का?" कारकून म्हणाला. "माझ्या डब्याचा वास लागला असेल."

तिने पाकिटं पिशवीत टाकली आणि स्कूटर काढली. वाटेत एक विचार आला. कुणालाच माहीत नाही. गुपचूप गोळ्या बदलल्या तर कुणाला कळणारही नाही. हा विचार आपल्याला इतक्या सहज सुचला, याचीच तिला अळीपेक्षा जास्त भीती वाटली.

काकूंच्या शेतात ती थेट ओळीत शिरली आणि शेंड्याकडची पानं पाहू लागली. तिसऱ्याच झाडावर अंडं दिसलं. खसखशीच्या दाण्याएवढं, काळं. पुढच्या झाडावर दोन. 

ताजं अंडं पिवळसर पांढरं असतं. काळं दिसलं तर दोनच गोष्टी. अख्खं एकसारखं काळं असेल, तर मित्रमाशीने त्यात आपलं अंडं घातलंय, आत अळी उरलेलीच नाही. पण एकाच टोकाला काळा ठिपका असेल, तर ते अळीचं डोकं. आज ना उद्या फुटणार, आणि अळी फळ पोखरत आत जाणार. फरक भिंगातून दिसतो. ती भिंग डोळ्याला लावणार, तोच मागून आवाज आला.

"काय भिंगवाल्या बाई, पाहुणे आलेत वाटतं?"

काकूंचे दीर. पाठीवर फवारणीचा पंप, तोही भरलेला. त्यांनी वाकून पान पाहिलं आणि हाक मारली, "वहिनी! या, बघा! तुमच्या शास्त्राला अंडी झाली."

काकू येईपर्यंतची वीस-पंचवीस पावलं तिला संपता संपेनात.

"काकू," ती म्हणाली, "माझी चूक झाली. सापळ्यांत मी जुन्या गोळ्या लावल्या. सापळे रिकामे होते ते पतंग नव्हते म्हणून नाही."

 डोक्यावरचा पदर काढून काकूंनी मान पुसली.

"झालं समाधान?" दीर म्हणाले. "सरका, मारू द्या मला."

"काका, आजचा दिवस थांबा. ही अंडी माशीची असतील तर औषधाने माश्याच मरतील, आणि मग खरोखर काही हातात राहणार नाही. माझ्या नजरेवर आता विसंबू नका, वीस अंडी बरणीत ठेवू. अळ्या असतील तर सकाळपर्यंत बहुतेक बाहेर येतील."

"आणि इकडच्या फळात शिरल्या तर? हाका मारून बाहेर बोलवायच्या?"

 काकू तिच्याकडे बघत होत्या, पण रोजच्यासारखं नाही.

"सकाळपर्यंत," काकू म्हणाल्या. "पण बरणी माझ्या घरी राहील."

तिला ते लागलं. तिने मान हलवली, बरणी भरून दिली आणि अंधार पडायच्या आत शेतातल्या सापळ्यात नवी गोळी लावली.

सकाळी ती पोचली तेव्हा दीर सापळ्याची पिशवी घेऊन दारातच उभे. "अकरा," ते म्हणाले. "आठाच्या वर. तुमचाच नियम."

अकरा. म्हणजे इतके दिवस पतंग इथेच होते. 

काकूंनी बरणी पुढे केली. झाकणाला बांधलेल्या फडक्याला हात लावायचा तिला धीर होईना. शेवटी काकूंनीच बरणी उजेडात धरली. पानांवर तीन अळ्या होत्या, केसाएवढ्या. बाकीची सतरा अंडी अख्खी एकसारखी काळी होती. आणि काचेवर धुळीचे कण असावेत तसं काहीतरी चालत होतं.

"ह्या मित्रमाश्या," ती म्हणाली.  "वीसातली सतरा अंडी ह्यांनीच संपवलीत, आज फवारू नका. रोज वीस अंडी बघायची. अळ्या पाचाच्या वर गेल्या तर मीच सांगेन, मारा. सगळ्यांकडे जाऊन मी आजच माझी चूक सांगते."

"आणि परत चुकलात तर?" दीरांनी विचारलं.

चुकू शकत होती. काल ती पाकिटं सापडेपर्यंतही तिला खात्रीच होती.

काकूंनी हात पुढे केला. "भिंग दे. आता मी मोजणार."

त्यांनी भिंग डोळ्यापासून हातभर लांब धरलं. तिने ते जवळ आणून दिलं आणि दुसऱ्या हाताने बरणीतलं पान वर उचललं. पान थरथरत होतं.

"नीट धर गं," काकू म्हणाल्या.

तिने दोन्ही हातांनी धरलं.