रक्त गाळणारं चाक

सकाळी फाटक उघडलं तर आमच्या यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. ड्रायव्हर, हमाल, समोरच्या टायरवाल्याच्या घरची माणसं, आणि ज्यांना कुठेच काही काम नसतं असे सगळे आमच्या थोरल्या पोराच्या ट्रकच्या पुढच्या चाकाभोवती गोल करून उभे होते. चाकातून रक्त येत होतं.

आदल्या संध्याकाळी गाडी धुऊन लावली होती. आता एकेका नटाखालून तांबडे ओघळ फुटून रिमच्या कडेपर्यंत आले होते. मी देवाधर्माच्या नावाने चालणाऱ्या दुकानदारीला भीक घालणारी बाई नाही. नवरा गेल्यावर तीन ट्रक आणि दोन पोरं मीच वाढवली, तेव्हा कुठला बुवा स्टिअरिंग धरायला आला नव्हता. पण ते ओघळ पाहून मीही चाकाला हात लावला नाही. कारण साधं होतं. गेल्या महिन्यात शेजारच्या यार्डातल्या गाडीचं चाक घाटात निखळलं आणि उताराने धावत जाऊन रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाचा जीव घेऊन गेलं. त्या चाकातूनही आधी असंच रक्त आलं होतं म्हणे.

कुणीतरी चाकवाल्या बुवाला आणलंच. हा बुवा नव्यानेच उगवला होता. माणसांचं भविष्य सांगणारे गल्लोगल्ली झालेत, म्हणून याने गाड्या धरल्या असाव्यात. अंगावर पांढरंशुभ्र, आणि यार्डातल्या ग्रीसचा एक डाग नाही.

"लोखंडाला जीव असतो, माई," तो म्हणाला. "जीव आला की तहान आली. हे चाक माणूस मागतंय."

"मागू दे की," मी म्हणाले. "मी पण गेली कित्येक वर्षं नवं छप्पर मागतेय, कोण देतंय?"

कुणी हसलं नाही. तेव्हा मला कळलं, माणसं खरोखर घाबरली आहेत.

बुवाने तांब्यातलं पाणी मंत्र पुटपुटत चाकावर ओतलं, फडक्याने पुसलं, आणि रक्त गेलं. गर्दीतून एक लांब श्वास निघाला. माझ्या नाकाला मात्र आंबूस वास आला. मग त्याने चाक उतरवायला लावलं. हातावर मावतील असे खुणा कोरलेले तांब्याचे पातळ पत्रे काढले, प्रत्येकाला मधोमध भोक, आणि एकेका बोल्टवर ओवून ते चाक ज्यावर बसतं त्या ड्रमला टेकवले. त्यावर चाक चढवायला सांगितलं.

नट आवळायचं काम आमच्या फिटरचं. त्याला सगळे पहिलवान म्हणतात. आमच्या यार्डाची एक रीत आहे, म्हणजे होती. पान्याच्या दांड्याला लांब पाईप लावायचा आणि त्यावर दोघांनी उड्या मारायच्या. नट जितका जोरात किंचाळेल तितकी गाडी भरवशाची. आणि एकदा पहिलवानाने आवळलेल्या नटाला पुन्हा पाना लावायचा नाही, तो त्याचा अपमान. बुवाने हीच रीत उचलली आणि वर स्वतःचा शिक्का मारला. गाडी माल टाकून परत येईपर्यंत या चाकाला लोखंड लावायचं नाही, लावलं तर बंध तुटेल आणि चाक आपला घास घेईल.

एकही ड्रायव्हर त्या गाडीवर बसायला तयार होईना. शेवटी थोरलाच चढला. मी त्याला म्हटलं, आज राहू दे, दुसरी गाडी काढ. तो म्हणाला, मालकच घाबरला तर उद्या कोण गाडी चालवेल? रक्त माझंच ना, अक्कल नाही पण ताठा आहे. तो गेला. मी फाटकाशी उभी राहिले आणि पुढचं चाक वळणावर दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिले, जणू नजरेनेच ते जागेवर धरणार होते.

सूनबाई, म्हणजे थोरल्याची बायको, तंत्रशाळेत शिकवते. दुपारी आली, हात धुतले, आणि मी सकाळचं सगळं सांगत असताना जेवायला बसत होती. पत्र्यांपर्यंत आले आणि ती उठून उभी राहिली.

"पत्रे कुठे घातले म्हणालात, आई?"

"चाकाच्या आणि ड्रमच्या मधे."

"आणि वरून पाईप लावून आवळलं?"

"दोघांनी. उड्या मारून."

तिचा चेहरा पांढरा पडला. मी तिला लग्न होऊन आल्यापासून पाहतेय, ही बाई पालीला हाताने हाकलते. तिने थोरल्याला फोन लावला. वाजत राहिला. आमचे चिरंजीव गाडी चालवताना फोन पायाशी पिशवीत टाकतात, चांगली सवय आहे, पण त्या दिवशी मला त्या सवयीला जाळून टाकावंसं वाटलं.

तिच्या छोट्या गाडीत मागच्या सीटवर एक लांब डबा टाकून आम्ही निघालो. रस्त्यात ती फक्त एवढंच बोलली, की घाटाच्या माथ्यावर तो टायर थंड करायला थांबत असेल तर बरं. थांबतोस का रे बाबा, मी मनात म्हणत होते. प्रत्येक वळणावर मी आधी खड्ड्यात पाहायची, मग रस्त्यावर. एका ठिकाणी झुडपात काळं गोल काहीतरी पडलेलं दिसलं आणि मी तिकडे बोट दाखवलं. जुना टायर होता, कुणीतरी टाकलेला. सूनबाईने गाडी हळू केली नाही, नुसता माझा गुडघा दाबला.

माथ्यावर ट्रक उभा होता. थोरला टायरांवर पाणी मारून पायरीवर बसला होता. त्याच्या पाठीमागे चाक दिसत होतं, आणि नटांखाली पुन्हा तांबडे ओघळ.

सूनबाई थेट चाकाशी गेली. तो आडवा आला.

"हात लावू नकोस. बंध आहे. लोखंड लागलं तर..."

"अहो, माझी बोटं लोखंडाची नाहीत," ती म्हणाली, आणि दोन बोटांनी एक नट फिरवला. तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला. दुसराही. तिसऱ्याला जरा जोर लागला. चौथा बोल्ट नटासकट तिच्या हातात आला, मधूनच तुटलेला.

थोरल्याने पुढे उताराकडे पाहिलं, जिथे रस्ता दरीच्या कडेने खाली जातो, आणि तो खालीच बसला. मीही त्याच्या शेजारी बसले. आम्ही मायलेक धुळीत बसलो होतो आणि ती एकटी जॅक लावत होती.

चाक उतरल्यावर पत्रे दिसले. चिरडून कागदासारखे झाले होते. तिने आम्हाला दाखवून सांगितलं, आणि ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते, कारण मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. नट बेताने आवळला की बोल्ट अगदी जरासा ताणला जातो, इलास्टिकसारखा, आणि त्या ताणाने चाक ड्रमला घट्ट ओढून धरतो. चाक धरून ठेवतो तो हा ताण. मधे मऊ पत्रा घातला की गाडी चालताना तो चिरडतो, जागा सुटते, ताण जातो. आणि पाईप लावून उड्या मारल्या की बोल्ट मर्यादेबाहेर ताणला जातो आणि तसाच राहतो, पोरांच्या जुन्या चड्डीच्या इलास्टिकसारखा. तो पुन्हा आवळून काही उपयोग नाही. सैल चाक घासतं, घासून लोखंडाची भुकटी पडते, तिला ओल लागली की गंजते, आणि नटाखालून ओघळते. हेच ते रक्त. चाक माणूस मागत नव्हतं, आवळून मागत होतं.

त्या चाकाचे सगळे बोल्ट तिने नाकारले. नवे येईपर्यंत गाडी हलली नाही. मग चाक जिथे टेकतं ती बैठक घासून पुसून, समोरासमोरचे नट आळीपाळीने, तिच्या त्या लांब डब्यातल्या पान्याने आवळले. कंपनीने त्या गाडीसाठी जो आकडा दिलाय तो पान्यावर लावायचा, तेवढा जोर झाला की तो कट्‌ करून सांगतो, बस. थोडं अंतर चालवून तिने पुन्हा पाना लावला, तर दोन नट किंचित फिरले. नव्या बोल्टांचंही असं होतं, म्हणूनच पुन्हा तपासायचं.

दुसऱ्या दिवशी मी बुवाला यार्डात बोलावून घेतलं. गर्दी आपोआप आली. सूनबाईने एक गंजका नट व्हिनेगरमध्ये ठेवला आणि थोड्या वेळाने पुसून दाखवला, चकचकीत. तांब्यातलं तीर्थ हेच, तोच आंबूस वास. चिरडलेले पत्रेही दाखवले. बुवा म्हणाला, बाईने बंध तोडला, आता पुढचं माझ्यावर नाही.

गर्दीतून शेजारच्या यार्डातला एक म्हातारा ड्रायव्हर पुढे आला. त्याने पत्रा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"आमच्या त्या गाडीला पण असेच होते," तो म्हणाला. "दोनदा बांधून घेतलं होतं."

पहिलवान पाईप हातात धरून जमिनीकडे पाहत होता.

मी बुवाला म्हटलं, "माझी दुसरी गाडी उभी आहे. तुमचे पत्रे लावून द्या. मग तुम्ही ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसा आणि घाट उतरून दाखवा. मी स्वतः फाटकाशी उभी राहून निरोप देते."

त्याने गाडीकडे पाहिलं. मग उताराच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, त्याला उंचीची भीती वाटते. फाटकाबाहेर तो चालत गेला, वळणानंतर पळाला असावा. घाटात चाकाने मारलेल्या त्या माणसाच्या मृत्यूबद्दल आम्ही पोलिसांत सांगितलं आहे, पत्रेही दिले आहेत. पुढचं ते बघतील.

भीती अजूनही वाटते, थोरला निघाला की वाटतेच. भीती वाईट नाही, मी म्हणते. चाकातून तांबडं काही आलं तर जरूर घाबरा, त्या दिवशी आम्ही घाबरलो म्हणून माझं पोर जिवंत आहे. फक्त भ्यायल्यावर हात जोडू नका, हात लावा. गाडी उभी करा, नट फिरवून बघा, आणि ज्याला कळतं त्याला विचारा. जो "बघू नकोस, तपासू नकोस" म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो बुवा असो नाहीतर तुमच्याच यार्डातला पहिलवान.

आमच्या यार्डात आता पाईप नाही. पहिलवान त्या कट्‌ वाजणाऱ्या पान्याने आवळतो आणि गाडी फेरी मारून आली की पुन्हा स्वतःच तपासतो. सुरुवातीला त्याला लाज वाटायची. मी त्याला सांगितलं, लाजून मेलेला फिटर मी अजून पाहिला नाही.

तो कट्‌ ऐकल्याशिवाय मी मात्र फाटक उघडत नाही.