ऑर्व्हिलचा वाकडा दात

सेंट मार्टिनच्या दिवशी पोझनानमध्ये खसखशीचं सारण भरलेला रोगाल, म्हणजे चंद्रकोरीसारखा गोड पाव, खाल्ल्याशिवाय कुणाचा दिवस मावळत नाही. लुडविकानं सकाळीच रांग लावून आणले होते. दुसऱ्याच घासाला अक्रोडाच्या कवचाचा एक चुकार तुकडा तिच्या नवऱ्याच्या तोंडात आला आणि समोरचा वरचा दात निखळून बशीत पडला.

"माझी दात गेला," ऑर्व्हिल म्हणाला.

चाळीस वर्षं पोलंडात काढूनही त्याला पोलिशमधलं पुल्लिंग-स्त्रीलिंग जमत नव्हतं. एरवी लुडविका लगेच सुधारायची. त्या दिवशी सोडून दिलं, कारण तो दात तळहातावर घेऊन नुसता बघत बसला होता.

"माझा सगळा आवाज ह्या दातामध्ये होती, लुडविका."

ऑर्व्हिल टेट मूळचा अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा. एकोणसत्तर साली जॅझच्या एका वाद्यवृंदाबरोबर इकडे दौऱ्यावर आला, तेव्हा लुडविका त्यांची दुभाषी होती. वाद्यवृंद परत गेला, हा राहिला. बहात्तरमध्ये त्याची पहिली तबकडी निघाली आणि सॅक्सोफोनचा तो जाड, किंचित खरखरीत सूर ऐकून लोक वेडे झाले. पुढे बेलग्रेडला, प्रागला, कोपनहेगनला ध्वनिमुद्रणं झाली. पण नाव होण्याची वेळ आली रे आली, की हा कुणाशी तरी भांडून घरी यायचा. बेलग्रेडमध्ये ड्रमवाल्याशी, कोपनहेगनमध्ये हॉटेलच्या उशीवरून. ती भांडणं फोनवरून निस्तरता निस्तरता लुडविकाचे केस पिकले होते.

आणि आता कुठे कोर्द्यान नावाच्या एका उत्साही माणसानं स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी नवी तबकडी करायचं ठरवलं होतं. वसंतात ध्वनिमुद्रण. वादक ठरले, हॉल ठरला, तर ह्याचा दात पडला.

"कवळी बसवून घे," लुडविका म्हणाली.

"कवळीनं सूर येत नाही. माझी वाकडा दात माउथपीसवर तिरका टेकायची, म्हणून तो खरखर यायची. हे मी किती मुलाखतींत सांगितलं आहे!"

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. सॅक्सोफोन पेटीतून बाहेर आला नाही. ऑर्व्हिल दिवसभर घरात फिरायचा, कपाटातली भांडी काढून परत वेगळी लावायचा. लुडविकाला मीठ सापडेना, गाळणी सापडेना. शेवटी एका सकाळी तिनं त्याला कोट घातला, मफलर गुंडाळला आणि आपल्या भावाच्या, झेनॉनच्या दवाखान्यात नेऊन खुर्चीत बसवलं.

झेनॉननं कवळी केली. घरी येऊन ऑर्व्हिलनं वाजवून पाहिलं, तर कवळी डुगडुगली आणि सुराऐवजी किंकाळी फुटली. वरच्या मजल्यावरच्या बाई धावत खाली आल्या. "काय झालं हो? कुणाला भाजलं का?"

दोन दिवसांनी ती कवळी लुडविकाला साखरेच्या डब्यात मिळाली.

"अरे, लपवायचीच होती तर निदान पिठात तरी लपवायचीस!"

दुसरी कवळी घेऊन झेनॉन स्वतःच कानस खिशात टाकून आला. ऑर्व्हिलनं वाजवायचं, ह्यानं घासायचं, पुन्हा वाजवायचं, असा रविवार गेला. संध्याकाळपर्यंत कवळी घट्ट बसली, सूरही सरळ लागू लागले.

"झालं की रे, मेव्हण्या!" झेनॉन म्हणाला.

"नाही झालं. हा कुणाही माणसाचा आवाज आहे. माझी नाही."

लुडविकाचा तोल गेला. तिनं बहात्तरची तबकडी काढून लावली. खोलीभर तो जाड, खरखरीत सूर पसरला.

"ऐक. हाच ना तुझा आवाज?"

"हाच. बघ, दात बोलते आहे."

"कुठला दात? तुझा दात वाकडा झाला एक्क्याऐंशी साली! दुधाच्या दुकानासमोर बर्फावर तोंडावर आपटलास तेव्हा! दवाखान्यात मी नेलं होतं तुला, ओठाला टाके पडले होते. बहात्तरमध्ये तुझे दात घोड्यासारखे सरळ होते!"

झेनॉननं कानस रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. ऑर्व्हिलनं बराच वेळ ओठावरच्या जुन्या वणावरून बोट फिरवलं.

"मग," तो शेवटी म्हणाला, "ती सॅक्सोफोनमुळे असेल. तेव्हाची सॅक्सोफोन वेगळा होता."

लुडविका स्वयंपाकघरात गेली आणि पातेली जरा जोरातच आपटली. पण दुसऱ्या दिवसापासून तो रोज वाजवायला बसू लागला.

एप्रिलात ध्वनिमुद्रण झालं. पहिला दिवस वाया गेला. हॉल थंड, पियानो बसका, सॅक्सोफोनची पत्ती ओली, सगळ्याला नावं ठेवून झाली. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यानं काही न बोलता एक संथ चीज सुरू केली. सूर पूर्वीपेक्षा बारीक होता, मधूनमधून नुसता श्वासच ऐकू यायचा, पण तो कुठेही घाई करत नव्हता. यंत्रांच्या खोलीत, काचेच्या अलीकडे कोर्द्यानशेजारी उभी असलेली लुडविका बटव्यात काहीतरी शोधत होती, ते शोधायचं विसरली. चीज संपली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की गेली काही मिनिटं तिला ह्या माणसाचा अजिबात राग आलेला नव्हता.

ऑर्व्हिल बाहेर आला. "त्या खोलीत वारा येतो. सगळं पुन्हा करायला पाहिजे."

"काही पुन्हा करायचं नाही," कोर्द्यान आणि लुडविका एकदमच म्हणाले.

शरद ऋतूत तबकडी निघाली. एका मासिकानं तिचं पानभर कौतुक छापलं. ऑर्व्हिलनं शब्दकोश घेऊन तीन दिवस ते वाचलं. मग त्यात आपल्या वाजवण्याला 'सोशिक' का म्हटलं आहे, असं विचारायला तो मासिकाच्या कचेरीत फोन लावू लागला. लुडविकानं भाजी चिरता चिरता उठून भिंतीतली फोनची तार उपटली, आणि परत येऊन गाजर पुढे ओढलं.