न ओरडलेले एकवीस दिवस

प्रियदर्शिनीने ट्रेवरचा नापासाचा लाल टॅग काढून मुठीत दाबला आणि शेजारच्या टेबलावरचा एक पासाचा हिरवा टॅग उचलून तिथे अडकवला. ट्रेमध्ये स्कूटरच्या वायरिंगचे वीस जुडगे होते आणि प्रत्येकाची एक क्लिप सैल होती. हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तासाभरापूर्वी तो लाल टॅग तिनेच लावला होता.

सहा वर्षांत तिने असलं काही केलं नव्हतं. पिरंगुटच्या या चिनी कंपनीत ती वायरी सोलायला म्हणून लागली आणि आता दोन नंबरच्या लाइनची प्रमुख होती. हाताखाली अठरा बायका. सैल क्लिप दिसली की तिला भातात खडा लागल्यासारखं व्हायचं. पण आज तिला ओरडा खायचा होता. लियांग सर गेले एकवीस दिवस तिच्यावर ओरडले नव्हते आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. तिच्या नवऱ्यालाही कळलं नव्हतं. "ओरडत नाहीत तर बरंच आहे की," असं अतुल म्हणाला, तेव्हा तिने हातातला झारा त्याच्याकडे फेकायचाच बाकी ठेवला होता.

लियांग सर प्लँटचे प्रमुख. रोज सकाळी आठला ते सगळ्यांना रांगेत उभं करत. आदल्या दिवशी ज्याची चूक झाली त्याने पुढे यायचं, आपलं नाव आणि आपली चूक आपल्याच तोंडाने सांगायची. मग सर चिनीत ओरडायचे आणि बावधनहून येणारा दुभाषा कौस्तुभ ते मराठीत सांगायचा. सरांची पाच मिनिटं कौस्तुभ पाऊण मिनिटात उरकायचा. उरलेलं तो कुठे ठेवतो, हा कँटीनमधला कायमचा विनोद होता.

सुरुवातीला बायका रडायच्या. मग जाईआत्याने साहेबाची नाडी ओळखली. जाईबाई कोळवणची, प्रियदर्शिनीच्याच वस्तीतली, लांबच्या नात्याने आत्या. तपासणीच्या टेबलावर बसायची. ती म्हणाली होती, "ज्याच्यावर वरडतो, त्याला ह्यो मानूस ठिवतो. ज्याच्याशी ग्वाड बोलतो, त्यानं आपला डबा उचलावा."

आणि तसंच होत गेलं. दयानंदवर सर सहा महिने रोज ओरडले आणि मग त्याला प्रशिक्षणाला चीनला पाठवून शिफ्टचा प्रमुख केलं. हेमलताशी मात्र एके दिवशी हसून बोलायला लागले आणि महिन्याभरात तिच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र पडलं. आता दयानंद कंपनीच्या दुसऱ्या प्लँटला जाणार होता. त्याची जागा आपल्याला मिळेल, असं प्रियदर्शिनीने मनात धरलं होतं. तिच्यावर तर सर अडीच वर्षं ओरडत होते. आणि नेमके आत्ताच ते थांबले. उलट तिच्या आईचे गुडघे कसे आहेत, हेही त्यांनी विचारलं. त्या दिवशी तिला डबा गेला नाही.

म्हणून तो हिरवा टॅग. दहा वाजता सर फेरीला येतात, प्रत्येक लाइनचा एक ट्रे स्वतः बघतात. तिने तो ट्रे सगळ्यात वर ठेवला. चूक तिच्या लाइनची, म्हणजे ओरडा तिला.

सर आले. त्यांनी जुडगा उचलला, क्लिप बोटाने हलवून पाहिली. मग टॅग उलटा केला.

टॅगच्या मागे तपासणाऱ्याचा नंबर असतो. ही गोष्ट प्रियदर्शिनी अठरा बायकांना शिकवत आली होती, आणि उचलताना तिनेच पाहिलं नव्हतं. मागे सात नंबर होता. जाईआत्याचा.

सर तिथेच ओरडायला लागले. जाईआत्या बावन्न वर्षांची, ती हात पुसत उभी राहिली आणि एकदाच म्हणाली, "ह्यो ट्रे माझा न्हाई, साहेब." कौस्तुभने ते इमानदारीने सांगितलं आणि सर आणखी भडकले. चूक चालेल, सबब चालणार नाही, असा त्यांचा नियम होता. प्रियदर्शिनीने तोंड उघडलं. लाल टॅग तिच्या मुठीत घामाने ओला झाला होता. एक वाक्य पुरलं असतं, पण तिच्याने ते बोलवलं नाही, आणि त्याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली.

दुपारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं, आपल्या थर्मासमधला चहा स्वतःच्या हाताने तिच्यासाठी छोट्या कपात ओतला. कौस्तुभ सांगू लागला, की शिफ्ट तिला द्यायची ठरली आहे आणि सोमवारपासून सकाळची सभा तिनेच घ्यायची. तिने विचारलं, मग सर माझ्यावर ओरडायचे का थांबले?

सर हळू बोलले. कौस्तुभने या वेळी काहीच गाळलं नसावं.

"ज्याला उद्या सगळ्यांपुढे उभं करायचं, त्याला आज सगळ्यांदेखत मान खाली घालायला लावू नये, म्हणतायत."

हेमलताचं विचारायचं तिला सुचलंच नाही. सरांनी सोमवारी पुकारायच्या चुकांची चिठ्ठी तिच्याकडे सरकवली. त्यात पहिलंच नाव होतं, जाईबाई, सात नंबर. तिने चिठ्ठी घेतली, चहाही प्यायली. स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा म्हणतात, तिने मारला होता, पण पाय निघाला आत्याचा.

परतताना कंपनीच्या बसमध्ये जाईआत्या तिच्या शेजारी बसली नाही. रविवारी विहारात वंदनेला दोघी होत्या, आत्या पुढच्या ओळीत. खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणताना प्रियदर्शिनीचे नुसते ओठ हलले.

सोमवारी आठला ती रांगांपुढे उभी राहिली. सर बाजूला, हात मागे बांधून. तिने चिठ्ठी उघडली आणि न वाचताच बोलायला सुरुवात केली.

"दोन नंबरची लाइन. सैल क्लिपच्या ट्रेला हिरवा टॅग. चूक माझी. लाल टॅग मी काढला, मुद्दाम. जाईबाईंनी तो ट्रे पाहिलाही नव्हता."

कौस्तुभ तिच्याकडे बघत राहिला. हे पाऊण मिनिटात कसं उरकावं, असा त्याला प्रश्न पडला असावा.

"सगळं सांग," ती म्हणाली.

त्याने सांगितलं. सरांनी कारण विचारलं, तेही तिने सांगितलं. तुम्ही ओरडत नव्हता म्हणून. कोणी हसलं नाही. सरांनी न ओरडता तिच्या हातातली चिठ्ठी काढून दयानंदकडे दिली आणि पुढची सभा त्याला घ्यायला लावली. ती आपल्या लाइनच्या रांगेत जाऊन उभी राहिली. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला फार वाटलं.

डब्याच्या सुट्टीत जाईआत्या तिच्या समोर येऊन बसली.

"शनवारी गप का ऱ्हायलीस?"

"भ्याले, आत्या."

"लई वंगाळ वाटलं मला."

आत्याने डब्यातली भाकरी मोडली आणि खात राहिली. निम्मी प्रियदर्शिनीला दिली नाही, पण उठूनही गेली नाही.

मंगळवारी सभा दयानंदनेच घेतली. सर रांगांमधून फिरत होते. एकेकाला मान हलवून नमस्कार करत, हसत पुढे येत होते, आणि प्रियदर्शिनीला त्यांच्या बुटांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. ते तिच्यासमोर थांबले. तिच्या टोपीतून केसांची एक बट बाहेर आली होती. सरांनी तिच्याकडे बोट केलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडले, की चार नंबरच्या लाइनपर्यंत माना वळल्या.

"सर म्हणतायत, टोपी..." कौस्तुभने सुरुवात केली.

"कळलं," ती म्हणाली आणि बट आत सारली.

मागच्या रांगेत जाईआत्या खाकरली. "डबा ऱ्हाऊ दे हितंच," ती हळूच म्हणाली.