दोन कंबरांची मोजणी

दवाखान्यातलं आपलं काम लांबावं म्हणून हात जोडून बसलेलं जोडपं रक्ततपासणीच्या खोलीबाहेरच्या त्या बाकाने याआधी पाहिलं नसावं.

नवरा पाइपांचे वेल्डिंग केलेले सांधे किरणांनी तपासायचा. सोमवारी यंत्रातली किरणांची गोळी आपल्या डबीत परतलीच नाही आणि हे न कळता हा अर्धा तास तिच्याशेजारी बसून यंत्राची नळी पुसत राहिला. किरण मोजणारा बिल्ला छातीवर लावायचा असतो. याचा ऑफिसातल्या खिळ्यावर होता. बिल्ल्यावरचा आकडा वाढला की माणसाला साइटवरून उचलून फायली लावायला बसवतात, आणि वीस वर्षं उन्हात काढलेल्याला पंख्याखालची शिक्षा सोसत नाही. सगळेच तसं करायचे. खिळे कमी पडायचे.

त्यामुळे बिल्ल्याची तब्येत उत्तम होती. साइटवरच्या साहेबांनी तो पाहून नवऱ्याला ठणठणीत ठरवलं आणि त्याला होणाऱ्या उलट्यांचं खापर शिळ्या डब्यावर फोडलं. डबा बायकोने पहाटे उठून केलेला होता. ते बोलणं तिने पदराला गाठ मारून ठेवलं.

मोठे डॉक्टर मात्र म्हणाले, बिल्ला खिळ्यावर टांगता येतो, रक्त येत नाही. औषधं कोणती आणि किती जोराची, हे अंगात किरण किती गेले तो आकडा आल्यावरच ठरणार होतं. रक्त काढलं, दोन दिवस उबेत वाढवलं आणि आज सकाळी नऊला काचेवर पसरून मोजणीच्या बाईंकडे दिलं.

बाई सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून पेशी मोजायच्या. सकाळी त्यांनी दोघांना समजावलं होतं. धडधाकट गुणसूत्राला कंबर एकच. किरणांनी तुटून भलतीकडे जुळलं की दोन होतात. पेशी पाचशे बघायच्या, त्याला दुपार टळते. मात्र दोन कंबरांची शंभर आधीच सापडली, तर तिथेच थांबायचं. नियमच आहे.

हे सांगायला नको होतं, हे त्यांना दार लावल्यावर कळलं.

तेव्हापासून बायकोची नजर दारावर होती. दार बंद, म्हणजे नवरा जिवंत. दहा वाजता तिने त्याला सांगितलं की बाई चांगल्या सावकाश दिसतात. तो म्हणाला, सावकाश माणसं हुशार असतात, मलाच बघ. साडेदहाला आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तिने त्याचं मनगट असं धरलं की नखं रुतली. दार उघडलं नाही. ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

अकरा वाजता दार उघडलं. बाईंच्या हातात जेवणाचा डबा होता. जेवून येते, म्हणाल्या, बरंच मोजायचं राहिलंय.

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. नवऱ्याने घड्याळ पाहिलं, मग डबा पाहिला, मग बाईंचे डोळे.

"बाई," तो म्हणाला, "वीस वर्षं मी बिल्ला खिळ्याला टांगला. टांगलेली वस्तू मला ओळखू येते."

बाईंनी डबा खिडकीत ठेवला. साडेदहालाच शंभर झाली, म्हणाल्या. पेशी लागल्या एकशे सत्तर. अर्धा तास त्या आत नुसत्या बसून होत्या.

मग त्यांनी भिंतीवरचा फोन उचलून मोठ्या डॉक्टरांना आकडा सांगितला. पलीकडून खाट तयार करायला सांगितलं, आणि हाडातला मगज द्यावा लागला तर म्हणून सख्ख्या भावंडांना रक्त जुळवायला बोलवायला. नवऱ्याने मान डोलावली. धाकटा भाऊ दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. आता बोलेल, म्हणाला, कोण कोणाला काय देतं ते बघू.

बायको मात्र उठली नाही. तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"पाचशेतल्या एकशे सत्तरच झाल्या ना, ताई? अजून तीनशे तीस आहेत. त्यातल्या चांगल्या निघतील."

नियमात ते बसत नव्हतं, आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. बाईंनी डबा उचलला, आत गेल्या, काच पुन्हा बसवली आणि एकशे एकाहत्तरावी पेशी शोधू लागल्या. या वेळी त्यांनी दार उघडंच ठेवलं.