सुंदरानं काय करावं?

मुक्ता ओव्हाळ चिंचखड्यात प्रौढ शिक्षणाचा वर्ग घ्यायला आली ते शहाऐंशी साल. भूमपासून दोन कोसांवरच्या या गावात तेव्हा प्यायला पाणी नव्हतं, आणि सरकारनं धाडलेल्या पुस्तकातला पहिलाच धडा होता भरलेल्या तळ्याचा. बायांनी तो ऐकला आणि पदर तोंडाला लावला. "कुठं हाय ओ बाई ह्ये तळं? समद्या मिळून हंडं घिऊन जाऊ," मथुराबाई म्हणाली. चौथ्या दिवशी वर्गात तिघीच उरल्या.

मुक्ता बेंबळीची. छप्पन्न सालच्या धर्मांतरात घरातले देव गेले, तेव्हा त्या रिकाम्या कोनाड्यात वडिलांनी पुस्तकं मांडली होती. ती बघत वाढलेल्या पोरीला वाचायला शिकवणं नोकरीपेक्षा मोठं वाटणारच. तिनं ते तळ्याचं पुस्तक मिटून ठेवलं आणि दूध सोसायटीचे चेअरमन हिंमतराव यांच्याकडं जाऊन टेपरेकॉर्डर मागितला.

हा टेपरेकॉर्डर सोसायटीची शान होती. सकाळी दूध घालायची वेळ झाली की सेक्रेटरी तात्याराव त्यावर भजनाची कॅसेट लावायचा आणि लिंबावर टांगलेल्या कर्ण्यातून ती गावभर ऐकू जायची. दुपारी मात्र तो नुसताच धूळ खात पडलेला. हिंमतराव म्हणाले, "न्या की बाई, शिकण्यासाठी कुणी न्हाय म्हणतंय व्हय?" वर्गाला सोसायटीचं गोदामही त्यांनीच दिलं होतं, आणि मुक्ताच्या महिन्याच्या अहवालावर गावसमितीचा अध्यक्ष म्हणून सहीही त्यांचीच लागायची. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. वाईट माणसं ओळखायला तरी सोपी असतात.

मग मुक्तानं आपली युक्ती काढली. रोज वर्गाआधी टेप घरी नेऊन ती एका गोष्टीचा तुकडा स्वतःच्या आवाजात कॅसेटवर भरायची. गोष्ट सुंदरा नावाच्या बाईची. सुंदरा आडात उतरली, सुंदराची वाट चुकली, सुंदराला दीर नांदू देईना. ऐन अडचणीत टेपमधली मुक्ता विचारायची, "आता सांगा, सुंदरानं काय करावं?" की इकडं खरी मुक्ता आवाज भरायचं लाल बटण दाबायची. बाया भांडायच्या, हसायच्या, शेवटी एक मत करायच्या. ते बोलणं त्यांना पुन्हा ऐकवायचं, त्यातलं एक वाक्य फळ्यावर लिहायचं, तेच त्यांनी पाटीवर गिरवायचं. आपलंच बोलणं फळ्यावर उमटलेलं बघून विठाबाईनं पहिल्या दिवशी फळ्याला हात लावून नमस्कार केला होता. पंधरा दिवसांत तिघींच्या तेवीस झाल्या.

सगळ्यांत पुढं बोलायला कडूबाई. तिच्या आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईबापांनी चौथीचं नाव कडू ठेवलं, म्हणजे सटवाईनं तोंड लावू नये. सटवाईनं नाही लावलं, पण नशिबानं पुरेपूर वचपा काढला. नवरा गेला, मूल नाही, आणि राहिली एक म्हैस. कपाळावर पांढरा चांद, म्हणून नाव चांदी. पाटीवर मात्र कडूबाईचा हात चालत नसे. तोंडानं ती अख्खी गोष्ट उभी करायची आणि पेन्सिल हातात आली की नावाच्या पुढं जायची नाही. "ह्या बोटांला शेनाचीच लिपी येतीय, बाई," असं म्हणून हसायची. मुक्तानं मनाशी ठरवून टाकलं होतं, हिच्या हातून एक तरी पुरं वाक्य लिहून घ्यायचंच.

चैत्र लागला. टँकर दिवसाआड यायचा आणि गावात शिरण्याआधी हिंमतरावांच्या मोसंबीच्या बागेकडं वळायचा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. इथं पाणी नव्हतं, मासा तेवढा होता.

मुक्तानं ते गोष्टीत घातलं. नाव कुणाचंच घेतलं नाही. टेपमध्ये एवढंच म्हणाली, "टँकर आला. सुंदरा हंडा घेऊन धावली. पण टँकर बागेकडं वळला. आता सांगा, सुंदरानं काय करावं?"

गोदामात कडूबाईचा आवाज चढला. "तिनं भर चावडीत चेअरमनला इचारावं, आण्णा, आदी तुमच्या मोसंबीला पानी आन् मागनं मान्सांला, ह्ये कुठलं शास्तर? मोसंबी काय मत द्येती व्हय तुमाला?" बाया खदखदून हसल्या. मुक्ताही हसली. इतकं जिवंत बोलणं तिच्या वर्गात आजवर झालं नव्हतं, आणि आज हेच वाक्य फळ्यावर घ्यायचं या आनंदात ती कॅसेट मागं फिरवून खडू शोधत होती.

तेवढ्यात बाहेर आरोळी उठली, "टँकर! टँकर आला!" बाया पाट्या टाकून पळाल्या. मुक्ताही आपली घागर उचलून पळाली. तहानेपुढं कसली बाई आणि कसला वर्ग. रोज ती आठवणीनं कॅसेट काढून पिशवीत घालायची. त्या दिवशी ती टेपमध्येच राहिली. संध्याकाळी तात्यारावानं टेपरेकॉर्डर उचलून ऑफिसात ठेवला आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं न बघताच बटण दाबलं. कर्ण्यातून भजनाऐवजी आधी मुक्ताचा आवाज आला, सुंदरानं काय करावं म्हणून, आणि मागोमाग कडूबाईचा, मोसंबीसकट, बायांच्या हसण्यासकट. किटल्या घेऊन रांगेत उभी असलेली माणसं जागच्या जागी थिजली. तात्याराव घाबरून एकामागून एक भलतीच बटणं दाबत राहिला. टेप बंद झाला तोवर गावानं शेवटचा शब्दही ऐकला होता.

हिंमतराव रागावले नाहीत. उलट हसले म्हणे. पण दुसऱ्या दिवसापासून कडूबाईचं दूध परत जायला लागलं. तात्याराव तिच्या दुधात काचेची नळी सोडायचा आणि वर न बघता म्हणायचा, "पानी हाय. चालनार न्हाय."

"पानी असतं तर म्या पेले नसते का रं?" कडूबाई म्हणाली. रांगेत कुणी हसलं नाही.

सोसायटीचा नियम साधा होता. जो दूध घालील त्याच्या जनावराला चाऱ्याचं कूपन. दूध नाही म्हणून कूपन नाही, कूपन नाही म्हणून चांदीच्या पुढं रिकामी गव्हाण. आठ दिवसांत म्हशीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आल्या. विठाबाई आपल्यातली पेंढी लपवून द्यायची, पण तिच्याही दारात दोन जनावरं होती.

मुक्ताला झोप लागेना. गोष्ट तिची, टँकर बागेकडं वळवला तिनं, कॅसेट विसरली ती, आणि भोगतेय कोण? चेअरमनला जाऊन सांगायचं, एवढंच तर होतं. आण्णा, चूक माझी, शिक्षा मला द्या. वाटेनं जाताना तिनं ते वाक्य दहा वेळा घोकलं.

हिंमतरावांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. कोपऱ्यात तात्याराव दुधाची वही लिहीत होता. टेबलावर तिचा महिन्याचा अहवाल पडला होता, सहीची जागा कोरी. तो त्यांनी पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि अगदी मायेनं विचारलं, "बाई, ती गोष्ट कुनी रचली म्हनायची?"

मुक्ताच्या घशाशी वाक्य आलं होतं. डोळ्यांपुढं बंद झालेला वर्ग आला, बेंबळीला परत जाणारी एस.टी. आली, कोनाड्याकडं बघत बसलेले वडील आले. ती म्हणाली, "बायाच सांगतात सगळं. मी नुसतं लिहून घेते."

"तेच म्हनलं," हिंमतराव म्हणाले आणि सही केली. "तुमी शिकल्यासवरल्या, तुमी कशाला असलं कराल?" चहा आला. मुक्तानं तो प्यायला. एवढ्या दुष्काळात त्या चहाला दूध भरपूर होतं, आणि ते तिला कळलंसुद्धा. त्या घटकेची तिला जन्मभर लाज वाटत राहिली.

भूमच्या बाजारादिवशी कडूबाई चांदीला घेऊन पहाटेच निघाली. जनावर अर्ध्या वाटेवर दोनदा बसलं, असं मागून कळलं. दावणीला बांधून ठेवण्यासाठी अशी म्हैस कोण घेणार? घेणारे कोण असतात ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलंही नाही.

दुपारी वर्ग भरला होता. हिंमतरावांनी टेपरेकॉर्डर पुन्हा दिला होता, मोठ्या मनानं. मुक्तानं नवी गोष्ट आणली होती, सशाची. टेपमधल्या मुक्तानं विचारलं, "आता सांगा, सशानं काय करावं?" तेवीसच्या नऊ उरल्या होत्या. नवांपैकी एकही बोलली नाही. ससा तसाच झुडपामागं बसून राहिला.

तेव्हा कडूबाई दारातून आत आली. खांद्यावर चांदीचं दावं होतं. जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, मागं घरी आणतात, म्हणजे गोठा पुन्हा भरतो. ते दावं शेजारी ठेवून ती आपल्या जागेवर बसली.

"बाई, सशाचं ऱ्हाऊ द्या. सुंदराची गोष्ट अर्दी हाय. ती पुरी करा."

मुक्तानं कॅसेट बदलली. लाल बटण दाबलं आणि तिनं स्वतःच्या तोंडानं विचारलं, "मग... सुंदरानं काय केलं?"

चाकं फिरत राहिली. कडूबाईनं टेपकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं पाटी मांडीवर घेतली, पेन्सिल धरली आणि लिहायला लागली. एकेक अक्षर ओढायला तिला खूप वेळ लागला. बाया वाकून बघत होत्या. फळ्यावर काही नव्हतं, कुणी हात धरला नव्हता, कुणी सांगत नव्हतं. लिहून झाल्यावर तिनं पाटी मुक्तापुढं धरली.

"सुंदरा गप बसली."

मुक्तानं ते वाचलं. चार महिने ज्या वाक्याची वाट बघितली ते हे. तिनं कसंबसं विचारलं, "का बसली, कडूबाई?"

"गोष्ट रचनारीच गप बसली," कडूबाई शांतपणानं म्हणाली, "तर सुंदरानं तोंड कशाच्या जिवावर उघडावं? तात्यारावानं सांगितलं मला. बाई म्हनल्या, म्या नुसतं लिवून घेती." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मुक्तानं पाय धरले असते. कडूबाईनं दावं उचललं, पाटी तिथंच ठेवली आणि उन्हात निघून गेली. टेप संपेपर्यंत चाकं फिरत होती. त्यावर पुढं कुणाचाच आवाज नाही.

महिनाअखेरीस मुक्तानं अहवाल लिहायला घेतला. नियम असा होता, की ज्याला स्वतःच्या मनानं एक पुरं वाक्य लिहिता आलं तो साक्षर धरायचा. नवसाक्षरांच्या रकान्यात त्या महिन्यात एकच नाव बसत होतं. तिनं ते लिहिलं, कडूबाई, आणि कागद घेऊन सहीसाठी हिंमतरावांकडं गेली.